ठिपक्यांची सही

प्रदर्शनासाठी कलाकृती जमा करण्याच्या खिडकीशी रांग तुंबली, तशी मागे गोधडी घेऊन उभी असलेली शिंपीण आधी वैतागली, मग कान देऊन ऐकायला लागली.

"मावशी, चित्रावर सही नाही. घेता येणार नाही."

"अहो साहेब, ठिपके दिसत नाहीत? आम्हा भिलांत ज्याचे त्याचे ठिपके वेगळे. तीच सही."

"सगळे ठिपके सारखेच की!"

"तुमच्या मागचं नांगराचं चित्र माझ्या जावेचं. तिचे ठिपके दाण्यासारखे टपोरे."

"अरेच्चा, बरोबर! आणि हे शेळ्यांचं?"

"हे तर माझंच! खाली नाव कुणाचं डकवलंय?"

"मोठे चित्रकार आहेत ते."

"बोलवा त्या मोठ्याला. माझ्यासमोर एक शेळी ठिपक्यांनी भरून दाखव म्हणावं."

साहेबांनी मावशीचं चित्र शेळ्यांशेजारी धरलं. ठिपक्याला ठिपका जुळला.

"मावशी, पूर्ण नाव सांगा. आधी ती पाटी बदलतो."

"मोठ्या अक्षरात लिहा, साहेब!" शिंपीण मागून ओरडली. "इथून वाचता आलं पाहिजे!"