यादीत आणखी एक वस्तू

पुतणी : काका, कॉम्प्युटरला रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटचा हट्ट सोडा. वीस हजारांत दिवे आणायचे की खेळ नीट चालवायचा?

काका : सोडला बाई. पण वळणावर गाडी अडकते गं. मी बटण आत्ता दाबतो, बस वळते मागाहून. काल सत्तेचाळीस प्रवासी दरीत गेले.

पुतणी : खेळातले प्रवासी, काका.

काका : म्हणून काय झालं? तीस वर्षं बस चालवली, कुणाला खरचटू दिलं नाही. गुडघ्यानं दगा दिला नसता तर आजही खऱ्या क्लचवर पाय असता.

पुतणी : म्हणून तर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान सोडून यादी करत बसलेय. ऐका. ग्राफिक्स कार्ड वापरलेलं घेऊ, दहा हजार. मी स्वतः तपासलंय. हार्ड डिस्क काढून एसएसडी, चार. रॅम दुप्पट, तीन. आणि पॉवर सप्लाय तीन, कारण तुमचा म्हातारा झालाय. नव्या कार्डाचं ओझं त्याला झेपायचं नाही.

काका : सगळे माझ्याच वयाचे! आणि स्टीअरिंग-पेडलचा संच?

पुतणी : पुढच्या वर्षी. अंथरूण पाहून पाय पसरायचे.

काका : नव्या गुडघ्यानं तसेही फारसे पसरत नाहीत.

(काकू हात पुसत दारात येते.)

काकू : झाली का यादी? मला त्यात एक वस्तू घालायचीय.

काका : आली! हिला ही सगळी थेरं वाटतात.

काकू : आहेतच. बासष्टाव्या वर्षी माणूस कानांना ती डबडी लावून बसतो. हाका मारून माझा घसा बसतो, हे ढिम्म.

काका : अगं, तुला त्रास नको म्हणूनच हेडफोन लावतो. दिवसभर इंजिनाची घरघर कोण ऐकणार?

काकू : मी ऐकेन.

पुतणी : काय?

काकू : स्पीकर लिही यादीत. ह्यांची शेवटची फेरी मागच्या रस्त्यानं डेपोत जायची. गाड्या ढिगानं जायच्या, पण ह्यांची मला बरोबर ओळखू यायची. चढावर एकदा खोकायची, मग दम धरून वर यायची. ती ऐकली की मी गॅस पेटवायची. आता माणूस दिवसभर घरात, आणि घर मुकं.

काका : हे कधी बोलली नाहीस.

काकू : बोलायला तुम्ही घरी कधी असायचात?

पुतणी : स्पीकरला दीड हजार लागतील, काका. रॅम मग जरा थांबेल.

काका : थांबू दे. पण अगं, त्या खोकण्यात माझं काही नव्हतं. गाडीच जुनी, तिसऱ्या गिअरमध्ये ओढायची नाही.

काकू : असेल. मला कुठं त्यातलं कळतं? तुम्ही आलात, एवढं कळायचं.