शेवटच्या सीटमागचं बटण

शाळेच्या बसगाड्यांच्या तपासणीला रांग लागली होती. माझ्यापुढे एक ड्रायव्हर होता आणि त्याच बसवर मुलांना सांभाळणारी त्याची वहिनी.

“वहिनी, आपली गाडी पहिल्या फटक्यात पास होणार बघा! गाडी बंद केली की नवा भोंगा कसला खणखणीत वाजतो!”

“वाजू दे. तो बंद करायचं बटण कुठंय?”

“स्टेअरिंगखाली! कालच हलवलं. गाडी बंद केली की नुसता हात घालायचा, भोंगा गप्प!”

“अहो भाऊजी, सरकारने ते शेवटच्या सीटमागे लावायला सांगितलंय. मागे जाताना झोपलेलं पोर दिसावं म्हणून!”

“रोज एवढी तंगडतोड कोण करणार? पोरं उतरतातच की सगळी. काल होतं का कुणी गाडीत?”

“काल मला घरी यायला उशीर का झाला?”

“तुम्हीच म्हणालात, डोळा लागला.”

“कुठे लागला, ते विचारलंत?”

“कुठे?”

“शेवटच्या सीटवर! तुम्ही कुलूप लावून गेलात. वॉचमनने शिडी लावून खिडकीतून उतरवलं मला!”

“काय सांगता!”

“आता कुठे पळताय? आपला नंबर आलाय!”

“दादा, तुम्ही व्हा पुढे! वहिनी, पाना कुठंय?”