एक ओळ मागे

बहीण: आणि हे रोज होतं?

शिंपी: रोज. दुपारी मशीन थांबवतो, ताट घेतो, प्रभूची प्रार्थना म्हणतो. माझं आमेन होऊन जातं, तरी त्या रिकाम्या खुर्चीकडून कुणीतरी म्हणतच असतं. हळू. माझ्या मागून.

बहीण: अगं बाई! दादा, कान तरी दाखव कुणाला.

शिंपी: दाखवले. कान ठणठणीत आहेत. म्हणून तर तुला बोलावलं. तुझ्या वहिनीचाच आवाज आहे गं. आठवतंय ना? जेवण गार व्हायचं, पण बाईसाहेबांची प्रार्थना चालूच.

बहीण: आणि तू डोळे वटारून बसायचास. तुझी प्रार्थना म्हणजे मशीनची टीप. सुसाट!

शिंपी: गिऱ्हाईक खोळंबतं ना.

बहीण: बरं, म्हण आता. रोज म्हणतोस तश्शीच.

(तो भराभर प्रार्थना म्हणतो. आमेन. मग दोघंही रिकाम्या खुर्चीकडे कान लावतात.)

शिंपी: ऐकलंस?

बहीण: ऐकलं.

शिंपी: तीच ना?

बहीण: नाही रे. बाईचा आवाजच नाही तो. दादा, तुझा आहे.

शिंपी: काहीतरीच काय!

बहीण: लहानपणापासून ऐकतेय मी. मध्येच घसा खाकरला, तोही तुझ्यासारखा. तू पुढे निघून आलास आणि तुझा आवाज तिथेच राहिलाय.

शिंपी: तीन वर्षं मी ती खुर्ची हलवली नाही गं. वाटायचं, निदान आवाज तरी उरलाय तिचा.

बहीण: वाईट वाटतंय रे मला. पण ऐक, तो आवाज आमेनपर्यंत पोचतच नाही. क्षमेच्या ओळीपाशी थांबतो, ‘आम्ही इतरांना क्षमा करतो तशी आम्हालाही कर’, तिथे. आणि ती ओळ आत्ता तू म्हणालाच नाहीस. घाईत गाळलीस.

शिंपी: घाईत नाही गाळली.

बहीण: मग?

शिंपी: त्या ओळीत माझा पोरगा उभा असतो. ती जाताना तीन दिवस दाराकडे डोळे लावून होती. हा मातीलासुद्धा वेळेवर पोचला नाही. कब्रस्तानाच्या फाटकातच सांगितलं मी त्याला, माझ्या लेखी तू मेलास.

बहीण: रस्ते बंद होते, दादा. शंभरदा सांगितलंय तुला.

शिंपी: ठाऊक आहे. ठाऊक असून राग जात नाही, त्याला काय करू? हळू म्हटलं की त्याचा चेहरा दिसतो. म्हणून पळतो मी तिथून.

बहीण: आज नको पळू. एकेक शब्द म्हण. मी बसलेय इथे.

शिंपी: आणि तो आवाज मागून आला तर?

बहीण: येऊ दे. गाठू दे त्याला तुला.

शिंपी: ...आलो त्या ओळीपर्यंत. तो आवाजही थांबलाय. अगदी कानाशी.

बहीण: श्वास ऐकू येतोय मला. दोघांचे.

शिंपी: जीभ वळत नाहीये. पोराला फोन लाव.

बहीण: आत्ता?

शिंपी: आत्ताच. उठलो तर पुन्हा मशीनवर जाऊन बसेन.

बहीण: लागला. घे, बोल.

मुलगा: हं, आत्या?

शिंपी: मी आहे.

मुलगा: बाबा? तुम्ही कुठून बोलताय?

शिंपी: घरातून. आणखी कुठून बोलणार?

मुलगा: मग इथे कोण आहे?

शिंपी: कुठे?

मुलगा: माझ्या खोलीत. रोज दुपारी तुमचा आवाज येतो, बाबा. प्रार्थना म्हणत असतो. क्षमेच्या ओळीपाशी येतो आणि थांबतो. मला वाटायचं, डोकं फिरलंय माझं. तरी रोज बसतो ऐकत. पुढचं म्हणाल म्हणून.

शिंपी: आज म्हणतो. सावकाश म्हणणार आहे, वेळ लागेल. फोन ठेवू नकोस.