नुसतं ‘चालेल’

दक्षिण जर्मनीतल्या एरलांगेनच्या खाटकाकडे रांगेत लोखनर आजोबांच्या पुढे विद्यापीठातल्या दोघी उभ्या होत्या. धाकटी, वीबके, बोलण्यावरून पार उत्तरेकडची. थोरली, मार्गित, इथलीच.

“संपलं, मार्गित. प्रोफेसरांना माझी प्लॅस्टिकची पावडर आवडली नाही.”

“का? नरसाळ्यात अडकली?”

“छे. पूर्वी टिचक्या मारल्या तरी हलायची नाही. आज पाण्यासारखी वाहिली.”

“म्हणजे कण गोल झाले?”

“सगळे. तापलेल्या नळीतून खाली सोडले, पडता पडता कडा वितळल्या, तळाशी पोचेपर्यंत मणी. थ्रीडी छपाईच्या यंत्रात थर कसा साईसारखा पसरला.”

“मग रडतेस कशाला?”

“प्रोफेसरांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, ‘चालेल.’ आता कसली डॉक्टरेट? बॅग भरते आणि घरी जाते.”

“थांब. ‘चालेल’ म्हणाले? पुढे ‘पण’ वगैरे नाही?”

“नाही. नुसतं ‘चालेल’.”

“अगं बाई. स्वतःच्या लग्नात नवरीला बघून ते ‘वाईट नाही’ म्हणाले होते. ‘चालेल’पर्यंत त्या बिचारीची अजून मजल गेलेली नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे आमच्याकडे याच्या वरचा शब्दच नाही. आज बिअर तुझ्याकडून.”

मागे हे ऐकून लोखनर आजोबांनी वीबकेसाठी डोक्यावरची टोपी काढली.

वीबकेचा नंबर आला. तिने लेबरकेझचा, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या गरम वडीचा पाव घेतला, एक घास खाल्ला आणि गल्ल्यामागच्या बाईंकडे पाहून गंभीरपणे म्हणाली, “चालेल.”

बाई कानापर्यंत लाल झाल्या.

“काहीतरीच तुमचं,” त्या म्हणाल्या आणि पावात आणखी एक जाड काप सरकवला.