म्यानात पुजलेल्या तलवारीबाबत

रायपूर, दि. ३ ऑक्टोबर २००६

मी, निरंजन हरिदास पांढरीपांडे, वय ५३ वर्षे, धंदा नोकरी (मंत्रालयात वरिष्ठ लिपिक), रा. बुढापारा, रायपूर, ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की, जबाब लिहून घेणारे ठाण्याचे मुन्शीजी मूळ गोंदियाचे असल्याने हा जबाब मराठीत होत आहे.

वरील पत्त्यावर मी पत्नी मंजिरीसह राहतो. हे राज्य नवीन झाले तेव्हा माझी भोपाळहून येथे बदली झाली. मला जुने फौजी सुरे जमवण्याचा छंद आहे. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या हातघाईला लांब तलवार अडचणीची होऊ लागली, तेव्हा काही तलवारी कापून आखूड सुरे करण्यात आले. मी फक्त तसेच सुरे घेतो. हा छंद नसून आजार आहे, असे पत्नीचे मत आहे. तिचा जबाब वेगळा घ्यावा.

सुशील वानखडे, रा. सदर बाजार, हा माझा मित्र आहे. माझे बहुतेक सुरे त्यानेच शोधून आणले. माझी आई वारली तेव्हा तिरडीचे बांबूही त्यानेच आणले होते.

आमच्या घरी पणजोबांची तलवार आहे. खंडेनवमीला तिची पूजा होते, पण म्यानातच. बाहेर काढली तर रक्त घेतल्याशिवाय आत जात नाही, असे घरात मानतात. त्यामुळे तिचे पाते मी कधी पाहिले नाही. मागे तिची मूठ हलू लागली, म्हणून मी ती सुशीलकडे दिली. त्याने मूठ पक्की करून आणली आणि पाते गंजून आत बसले आहे, ओढू नको, असे सांगितले. आम्ही ओढणारच नव्हतो, हे त्याला माहीत होते.

त्यानंतर माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला सुशीलने मला एक सुरा भेट दिला. जगदलपूरकडच्या एका सुभेदाराच्या घरचा आहे, असे तो म्हणाला. माझ्या संग्रहात त्याच्या तोडीचा दुसरा नाही. तेव्हापासून खंडेनवमीला मी तलवार आणि तो सुरा शेजारी शेजारी मांडून दोन्हींना हळद-कुंकू वाहतो.

परवा पूजेला अमरावतीची पद्मिनीआत्या आली होती. सुऱ्याच्या पात्यावर मुठीजवळ पितळेचे तीन ठिपके आहेत आणि चौथ्याची जागा रिकामी आहे. आत्या ते बघून म्हणाली, "हे तं आपल्या तलवारीचं पातं आहे. लहानपणी दादा घरी नसताना मी काढलं होतं. काई रक्तबिक्त मागितलं नाही तिनं."

मी तलवारीची मूठ ओढली. म्यानातून कुलरच्या चौकटीची लोखंडी पट्टी निघाली. तिच्यावर निळा रंग होता. 

मी सुशीलच्या घरी गेलो. त्याने नाकबूल केले नाही. चहा ठेवायला सांगितला आणि मला म्हणाला, "भाऊ, अख्खी तलवार तुह्या घरात होती, तं तू तिच्याकडे वर्षातून एक डाव पाहे. कापून देली, तं रोज पुसून राहिला. सांग, माहं काय चुकलं?"

मी चहा घेतला नाही.

सुशीलने सुरा विकला की भेट दिला, असे मुन्शीजींनी विचारले. भेट दिला. मग कोणते कलम लावू, असे ते म्हणाले. ते मला माहीत नाही. सुरा मी ठाण्यात जमा करत आहे. तो परत नको. म्यान आणि मूठ घरी ठेवू द्यावी.

सुशीलने आणलेले बाकीचे सुरे कोणाच्या घरच्या तलवारींचे आहेत, असेही मुन्शीजींनी विचारले. ते सर्व महायुद्धातले आहेत, असे मी सांगितले. कशावरून, असे विचारता मी सांगितले की, सुशील माझ्याशी खोटे बोलणार नाही.

वरील मजकूर मुन्शीजींनी मला मोठ्याने वाचून दाखवला. शेवटचे वाक्य खोडायचे काय, असे त्यांनी विचारले. मी नको म्हटले. जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर लिहिला आहे, म्हणून सही करतो.