बग्गीच्या चार मुठी

माझं माहेर भिवंडीचं, सासर हे कल्याणचं, दोन्हीकडे ओताऱ्यांचीच घरं, म्हणजे जन्मल्यापासून पितळेचा धूर नाकात आणि राखाडी माती नखात, दुसरं काय मी पाहिलंच नाय. माझा बा देवाचे टाक ओतायचा, घंटा ओतायचा, बैलांच्या गळ्यातले घुंगरू ओतायचा, आणि माझी आय मेण वळायची, कारण आमच्यात तशीच रीत, मेण नि माती बायकांची, भट्टी नि ओतणं पुरुषांचं. मेणाचा देव करायचा, त्यावर बारीक माती चढवायची, मग तूस घातलेली जाडी माती चढवायची, वाळवून भाजायचं की मेण वितळून वाहून जातं आणि आत पोकळी राहते, त्या पोकळीत पितळ ओतलं की झाला देव. आता मला सांगा मास्तर, देवाचं नाक-डोळे मी करायचे, पोकळी मी राखायची, आणि शेवटी घटकाभर वितळल्या पितळेची मूस धरून ओतणाऱ्यानं बोलायचं की देव मी केला. मला हसू यायचं. पण नवऱ्याला मी तसं कधी बोलले नाय, माणूस भला होता.

तो गेला तवा मी तिशीची असेन. तापानं गेला, चार दिवसांत. पदरात दोन पोरी. तेराव्याला माझे दीर, सखाराम भावजी, जेवून हात धुऊन आले नि बोलले, वहिनी, आता भट्टी माझ्याकडे येऊ दे, तुम्ही मेण वळा, दोन वेळचं मी घालीन. मी बोलले, भावजी, मेण मी वळीन आणि ओतीन पण मीच. झालं! जसा काय मी गावदेवीचा मुखवटाच पळवला. जातीतले बसले, तात्या ओतारी त्यांच्यात वडीलधारे, दाढी पार बेंबीपर्यंत, ते बोलले, बाईनं ओतल्याचं आपण ऐकलं नाय, पण बाई ओतू नये असं देवानं सांगितल्याचंही ऐकलं नाय. मग ठरलं की खंडेनवमीपर्यंत येसूनं, म्हणजे मी, भट्टी चालवावी, तिच्या हातचं एक जरी काम बिघडून परत आलं तर खंडेनवमीला हत्यारांची पूजा सखारामच्या हातची आणि भट्टी पण त्याची. मी बोलले, कबूल.

आता तुम्ही म्हणाल की घमेंड होती. होतीच. अजून हाय. हातात कसब असलं की माणसानं उगाच मान खाली घालू नये.

सात-आठ महिने एक काम परत आलं नाय. गणपती झाले, आणि एक दिवस ठाण्याहून हसनभाई आला. हा एका वकिलाचा गाडीवान, मोठा बोलका माणूस, लुंगी खोचून बसला नि पंच्यातून चार पितळी मुठी काढून पुढ्यात ठेवल्या. बोलला, बाय, आमच्या बंद बग्गीच्या दारांच्या हाएत, दोन आतल्या, दोन बाहेरच्या, गाडी विलायतेची, आमच्या वकीलसाहेबांच्या वडलांनी घेतलेली, मुंबईचा कारागीर बोलतो असल्या मुठी आता मिळायच्या नाय, गाडी मोडीत काढा. मी बघितल्या. पन्नास वर्षं माणसांच्या हातांनी झिजलेल्या, वरचं नक्षीकाम पुसून गुळगुळीत झालेलं, पण खरं दुखणं मागं होतं. मुठीच्या मानेत एक चौकोनी भोक असतं, त्यात दाराची लोखंडी दांडी बसते, मूठ फिरवली की दांडी फिरते नि आतली कडी सरकते. ते चौकोनी भोक झिजून गोल झालं होतं. म्हणजे मूठ फिरते, दांडी हलत नाय, आणि दार कधी उघडत नाय तर कधी आपणहून उघडतं. पावसाळ्यात माजिवड्यापुढे खड्ड्यात चाक गेलं तवा दार उघडलं आणि वकिलांची बायको, माई, अर्धी बाहेर. तवापासून ती दार काथ्यानं बांधून बसायची.

हसनभाई बोलला, माईंची लेक घोडबंदरकडे दिलेली, पहिलटकरीण हाय, दसऱ्याच्या दिवशी तिला माहेरी आणायची. दार काथ्यानं बांधून पोटुशी बाई कशी आणायची? साहेब बोलतात गाडी विका. गाडी विकली तर मी काय हाकू, बाय, ढग?

मी बोलले, ठेवून जा.

आणि इथं माझी चूक झाली, आणि ती चूक ओताऱ्याशिवाय दुसरं कोणी करणारच नाय. आमच्यात काय आहे, घरातला देवाचा टाक झिजला, नाक-डोळे पुसले गेले, की लोक तो आमच्याकडे आणतात, आम्ही त्याच्यावरून नवा घडवतो आणि जुना टाक मुशीत टाकून त्याचंच पितळ नव्यात ओततो, म्हणजे जुन्या देवाचं तेज नव्यात येतं, घराला देव परका होत नाय. पिढ्यान्‌पिढ्या हेच केलेलं. हात आपणहून चालतो. मी मुठींवरून मातीचे छाप घेतले, छापात मेण दाबलं, झिजलेल्या जागा मेणानं भरल्या, चौकोनी भोक अंदाजानं केलं, माती चढवली, भाजली, आणि ओतायच्या वेळी देवाचं नाव घेऊन त्या चारी जुन्या मुठी मुशीत टाकल्या. विचारच केला नाय हो! जाऊबाई भाता ओढत होती, सखाराम भावजींचीच बायको, गंगू, मनानं मऊ, ती पण काय बोलली नाय, तिच्या पण हाडात तीच रीत.

मुठी काय चकाकत होत्या काय सांगू तुम्हाला. हसनभाई घेऊन गेला, आणि ललितापंचमीला चारी मुठी घेऊन परत आला. तोंड बघूनच मी ओळखलं. बोलला, बाय, मान बारीक पडली नि भोक मोठं झालं, दारात बसवली तर घुंगरासारखी वाजते. भोक अंदाजाचं होतं ते चुकलं, नि पितळ थंड होताना आकसतं ते मला माहीत नव्हतं का? होतं. पण देव केसभर बारीक झाला तर कोणाचं काय अडतं, दाराला मात्र केसभर पण चालत नाय. हसनभाई बोलला, जाऊ दे, जुन्या दे, मुंबईला दुसरीकडे दाखवतो.

मी त्या नव्या मुठी उगाच पदरानं पुसायला लागले.

तो बोलला, जुन्या कुठाएत? मी बोलले, नव्यात. नव्यात म्हणजे? मी बोलले, वितळवून नव्यात घातल्या. तो दोन्ही हात डोक्याला लावून बोलला, या अल्ला, बाय, त्या काय देव होत्या?

आणि नेमके सखाराम भावजी दारात. कोणी त्यांना हाक मारली होती कोण जाणे. बोलले, वा वहिनी, तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. मी बोलले, धुपाटणं पण आपणच ओततो भावजी, त्याला नावं ठेवू नका. तोंडानं बोलले एवढंच. पोरी आत निजल्या होत्या, ही भट्टी गेली की त्यांनी आयुष्यभर चुलत्याच्या उष्ट्यावर जगायचं, हे मला तवा लख्ख दिसलं. तात्यांना बोलावलं. मी त्यांच्या पाया पडून बोलले, तात्या, काम परत आलंय, खोटं बोलणार नाय, पण खंडेनवमी चार दिवसांवर हाय, तोवर बसवून दिलं तर? तात्यांनी दाढी कुरवाळली नि बोलले, नवमीपर्यंत म्हणजे नवमीपर्यंत.

दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या पाण्यावर बंदरातून मचवा सुटला, त्यात मी बसले, ओल्या फडक्यात मेणाचा गोळा बांधून, कनवटीला एक बिघडलेली मूठ. कोपर गावापाशी आगरी लोक होडीत दगडी पाटे भरत होते, एकानं विचारलं, बाय, गोळा कशाचा, खरवस का? मी बोलले, खाऊन बघ, दात त्यातच राहतील. ठाण्याला पोचले नि आधी तबेल्यात गेले. दाराची दांडी बघितली, तिच्यावर मेण दाबून नेमका चौकोन उचलला. मग माझीच वाईट मूठ दारावर मान बसते त्या गोल चकतीत घातली नि मान नि चकतीमधली फट बघितली. भाताच्या तुसाएवढी. म्हणजे पितळ किती आकसतं ते त्या बिघडलेल्या मुठीनंच मला सांगितलं! तेवढं मेण जास्त चढवायचं, बस. कोणतंही बिघडलेलं काम फेकू नये मास्तर, ते बोलतं.

पण मुठीचा आकार? तो तर मी वितळवून बसलेले, आणि झिजलेल्यावरून भरताना पण अंदाजच केलेला. मग मी आत माजघरात गेले, माईंना भेटले. मोठ्या घरची बाई, परक्या पुरुषासमोर येणारी नव्हे, मुंबईचा कारागीर दोनदा येऊन गेला तरी त्यानं तिला पाहिलं नव्हतं, विचारलं नव्हतं. मी बोलले, माई, तुम्ही दार कसं उघडता ते दाखवा. ती हसली, बोलली, अगं मी कुठं उघडते, हसन उघडतो. मी हात पुढं केला नि तिनं हात दिला, तवा कळलं, बोटांची पेरं सुजलेली, मूठ वळतच नव्हती. बोलली, बारा वर्षं झाली, गोल मूठ मला पकडता येत नाही, कोणाला सांगायचं, गाडीत बसले की मी कोंडल्यासारखी. त्या दिवशी दार उघडलं तेव्हा मला धरताच आलं नाही गं, म्हणून पडले.

हे ऐकून मला फार वाईट वाटलं, आणि राग पण आला, का ते नाय सांगता येत. मी मेण गरम करून तिच्या हातात दिलं, बोलले, जशी वळेल तशी धरा, जोर करू नका. तिनं धरलं. गोल नव्हे, लांबट, तळहातानं खाली दाबली तरी फिरेल अशी मूठ झाली. तीच मी फडक्यात बांधून आणली. आमचे भावजी गेले असते तर त्यांना तबेल्याच्या पुढं कोणी नेलं असतं का? तुम्हीच सांगा.

सप्तमीला तिच्यावरून मेणाच्या चार मुठी वळल्या, माती चढवली, कडक ऊन होतं ते कामी आलं. चारातल्या तीन वाईट मुठी मुशीत टाकायला काढल्या, उणं पडेल ते पितळ घरचं घेतलं, एक मापाला ठेवली, आता मी शहाणी झालेले. अष्टमीला भट्टी पेटवली नि बघते तर गंगू आली नाय. भावजींनी तिला घरात बसवलं होतं. आता भाता एकानं ओढायचा नि मूस दुसऱ्यानं धरायची, एकट्यानं होत नाय, भाता सोडला की जाळ बसतो. मी भाता ओढत होते, पितळ वितळत आलं होतं, आणि भावजी उंबऱ्यावर उभे, हाताची घडी घालून. ओतताना आमच्यात कोणी बोलत नाय, ही पण रीत. मी भाता सोडला, चिमटा उचलला, आणि त्यांच्याकडे फक्त बघितलं. जाळ बसायला लागला, वरचा हिरवा धूर विरायला लागला. आणि काय सांगू, माणूस कितीही वाकडा असो, ओताऱ्याच्या पोटी जन्मलेल्यानं मुशीतलं पितळ डोळ्यांदेखत थंड होऊ दिलंय असं होत नाय. एक शिवी हासडली त्यांनी, रीत मोडून, नि धावत येऊन भाता धरला. मी ओतलं. मातीचे चारी साचे भरले, एक थेंब बाहेर नाय.

नवमीला सकाळच्या आगगाडीनं हसनभाईबरोबर मी स्वतः ठाण्याला गेले. मुठी बसवल्या. माई गाडीत बसली, दार आतून लावून घेतलं, हसनभाई सवयीनं पुढं झाला तर आतून बोलली, थांब रे, लांब हो. तळहात ठेवला, दाबला, दार उघडून स्वतःची स्वतः खाली उतरली. पुन्हा बसली, पुन्हा उतरली. पाच वेळा. हसनभाई तोंड फिरवून घोड्याला उगाच थोपटत बसला.

संध्याकाळी मी परत आले तर पूजा माझ्यासाठी थांबवलेली. भाता, चिमटा, मुशी मांडलेल्या, झेंडूची फुलं. तात्यांनी कुंकवाची वाटी धरून विचारलं, काम परत आलं का? मी बोलायच्या आधी सखाराम भावजीच बोलले, परत कसलं येतंय, ओतताना भाता कोणाच्या हातात होता! सगळे हसले, मी पण हसले. मग त्यांनी वाटी तात्यांच्या हातातून घेतली नि माझ्या पुढं धरली, बोलले, वहिनी, लावा तुम्ही.

दसऱ्याला लेक सुखरूप माहेरी आली, माजिवड्याच्या खड्ड्यात चाक गेलं पण दार हललं नाय. त्याला आता वीसेक वर्षं झाली. माई गेली, भावजी गेले, मरेपर्यंत भाता त्यांनीच ओढला, कुरकुर करत. माझी धाकटी पोरगी आता ओतते, तिला कोणी काय विचारत नाय. मी मेण वळते, डोळ्यांना तेवढंच झेपतं, आणि बरं वाटतं. ज्याचं त्याला मिळालं.

ती मापाची बिघडलेली मूठ? अहो, येताना तिलाच तर धरून तुम्ही आत आलात. आमच्या दारासाठी मी तिच्या मापाची दांडी लोहाराकडून करून घेतली. देव तुमच्या लेखणीला यश देवो मास्तर, जाताना दार ओढून घ्या. जोर करू नका, हलक्या हातानं लागतं.