नव्या शहराचं मॉडेल

शवागाराच्या खिडकीपुढे, रांगेत माझ्यामागे दोघे भाऊ उभे होते.

“दादा, बाबांना न्यायचं कुठे? आपलं स्मशान तर नव्या शहरासाठी पाडलं.”

“नव्या शहरात असेल की.”

“असेल काय? त्याचं मॉडेल तूच बनवलंस ना?”

“बनवलं. शाळा, तळं, बाकांवर बसलेली नखाएवढी माणसं, सगळं या हातांनी चिकटवलं.”

“आणि स्मशान?”

“नकाशात नव्हतं.”

“एवढ्या माणसांत मरणारं कोणीच नव्हतं?”

“इतकं देखणं दिसत होतं रे, डोक्यातच आलं नाही.”

“कोणाच्याच नाही?”

“बाबांच्या आलं होतं. शेजारी बसून बागेसाठी स्पंजची झाडं कातरत होते. म्हणाले, ‘गेलेल्या माणसाला इथून कुठे नेणार?’”

“मग?”

“मी म्हटलं, बाबा, जरा चांगलं बोला की.”